दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

बडोद्यातल्या कोणत्याही मराठी घरात "गणपती कोणासाठी आणता?" असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. आजोबा, वडील, काका, सगळे एकच सांगतात : मुलांसाठी. आमचे काय हो, आम्ही घरातल्या देव्हाऱ्यापुढे हात जोडले तरी पुरे. पण मुलांना हौस असते, त्यांना आपले सण कळायला हवेत, चार संस्कार व्हायला हवेत. दांडिया बाजारातल्या आणि वाडीतल्या जुन्या घरांत हे उत्तर आम्ही ऐकत आलो. आता मांजलपूरकडच्या फ्लॅटांत आम्हीच ते देतो. मुलांना विचारून कोणी दिल्याचे मात्र आठवत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी एका घरात असाच मुलांसाठी गणपती बसत असे. घरचे कर्ते पुरुष कबीरपंथी, लष्करातून निवृत्त झालेले. मूर्तिपूजेवर त्यांचा विश्वास नव्हता, तरी मुलांखातर ते गणपतीची पूजा करीत. घरातल्या धाकट्या मुलाला ते आवडत नसे. वडील एक मानतात आणि दुसरे करतात, ही विसंगती त्याच्या लहान वयातही डोळ्यांत भरली होती. त्या गृहस्थांचे नाव सुभेदार रामजी सकपाळ आणि मुलगा भिवा, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1956 साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी एक प्रस्तावना लिहिली. तीत आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना त्यांनी सुरुवात केली ती आपल्या बालपणापासून. त्यांच्या निधनानंतर ग्रंथ छापला गेला तेव्हा पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना नव्हती, म्हणून पुष्कळांच्या वाचनात ती आलेली नाही. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत नेमकी हीच आठवण काढणे काहींना खटकेल. आम्हालाही थोडे खटकले. पण ती काढण्याचे कारण आमच्याच मंडळात घडले आहे, तेव्हा आधी ते सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी अथर्वशीर्षाच्या सामूहिक पठणाची तालीम चालली होती. दहावीतला एक मुलगा, चांगला पाठांतराचा, मध्येच थांबून म्हणाला, "अर्थ न कळता एकवीस आवर्तनं केली तर ती गणपतीला कळतात. मग मला का कळायला नकोत?" प्रश्न वाकडा नव्हता. पण आमच्यापैकी एकाने सवयीने उत्तर दिले, "आधी पाठ कर, अर्थ मोठेपणी कळेल. फार शहाणपणा नको." सगळे हसले. मुलगाही हसला. गेल्या वर्षी तो पठणाला आला नाही. विचारले तर क्लास आहे म्हणाला. त्याच्या आईने नंतर हळूच सांगितले की त्या वेळेला कसलाही क्लास नसतो. ज्यांनी ते उत्तर दिले ते गृहस्थ या लेखाच्या लेखकांपैकीच एक आहेत, हे इथे नोंदवणे भाग आहे.

तर, रामजी सुभेदार. महू हे गाव इंदूरकरांच्या अगदी शेजारचे. तिथल्या लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते, आणि तिथेच 14 एप्रिल 1891 रोजी हा मुलगा जन्मला. पुढे दापोली, सातारा आणि मग मुंबई असा या कुटुंबाचा प्रवास झाला. मुलगा लहान असतानाच आई गेली, आत्याने सांभाळले. वडिलांची शिस्त कडक. घरात पंथाची पुस्तके वाचली जात. त्यासोबत रामजींचा एक नेम होता : रात्री झोपण्यापूर्वी मुलांनी महाभारत किंवा रामायणाचा काही भाग मोठ्याने वाचायचा. ऐकायला बहिणी असत, आजूबाजूचे लोकही कथेला येऊन बसत. हे पुष्कळ वर्षे चालले. म्हणजे आज आपण संस्कारवर्ग म्हणून आठवड्यातून एकदा जे घेतो, ते त्या घरात रोज होते आणि वाचणारी मुलेच होती.

त्या मुलाने एक दिवस वडिलांना विचारले की ही पुस्तके आम्ही का वाचायची? यांत ब्राह्मणांची आणि क्षत्रियांची थोरवी आहे, आणि शूद्रांच्या, अस्पृश्यांच्या हीनपणाच्याच कथा पुन्हा पुन्हा येतात. वडिलांना प्रश्न आवडला नाही. असले वेडगळ प्रश्न विचारू नयेत, तुम्ही अजून मुले आहात, सांगितले ते करावे, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. बाबासाहेबांनी या जागी वडिलांना प्राचीन रोमच्या कुटुंबप्रमुखाची उपमा दिली आहे, मुलांवर ज्याची निरंकुश सत्ता चाले असा. इथवरची गोष्ट आपल्या घरांतल्या गोष्टीपेक्षा फारशी निराळी नाही.

निराळी होते ती यानंतर. आई नसलेला मुलगा म्हणून वडिलांपाशी त्याला थोडी मोकळीक होती. काही दिवसांनी त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आणि या वेळी, असे बाबासाहेब लिहितात, वडील उत्तराची तयारी करून बसले होते असे दिसले. आम्ही हा भाग वाचला तेव्हा इथेच थांबलो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की त्या माणसाने मुलाला गप्प केले आणि विसरून गेला. पण मधल्या दिवसांत त्यांच्या मनात तो प्रश्न घोळत असला पाहिजे. मुलगा पुन्हा विचारील हे त्यांना ठाऊक असावे. निदान विचारलेच तर काय सांगायचे, याचा त्यांनी विचार केला होता.

उत्तरही तयारीचे होते. आपण अस्पृश्य जातीत जन्मलो, तेव्हा मनात न्यूनगंड येणे साहजिक आहे, आणि तो जावा म्हणून मी हे वाचायला सांगतो, असे रामजी म्हणाले. लहान घरांत जन्मून फार उंच गेलेली माणसे या ग्रंथांत भेटतात. द्रोण पाहा, कर्ण पाहा. वाल्मीकी तर कोळी, आणि रामायण लिहिले त्यांनीच. धर्मग्रंथ का वाचावा याचे इतके सरळ आणि मुलाच्या जिवाला लागलेले कारण आम्ही तरी दुसऱ्या कोणा बापाने दिलेले वाचलेले नाही. पुण्य लागते असे ते म्हणाले नाहीत. आपली परंपरा आहे असेही नाही. आपल्याच मुलाला कशाचे भय आहे ते त्यांनी ओळखले आणि त्यावर त्यांना जे औषध वाटत होते ते पुढे ठेवले.

मुलाला त्यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. त्याने सांगितले की मला यातले कोणीच आवडत नाहीत. भीष्म-द्रोण बोलतात एक आणि करतात दुसरे. कृष्णावर आणि रामावरही त्याने कठोर आक्षेप घेतले; शूर्पणखा, वाली आणि सीता या तिन्ही प्रसंगांतले रामाचे वागणे त्याने बापापुढे मांडले. जे बोलला ते इथे सगळे लिहीत नाही. आमच्यातल्या कित्येकांना ते आजही सोसणार नाही, आणि आम्हाला स्वतःलाही ते सगळे पटते असे नाही. रामजींना किती सोसले असेल? ते गप्प राहिले. घरात बंड उभे राहिले आहे हे त्यांनी ओळखले. पण ते बंड मोडून काढण्यासाठी त्यांनी हात उगारल्याचा, पुस्तके काढून घेतल्याचा किंवा मुलाचे शिक्षण आखडल्याचा उल्लेख नाही. उलट याच रामजींनी मुलाला हवी ती पुस्तके आणण्यासाठी लग्न झालेल्या लेकींचे दागिने गहाण टाकले, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

आता या गोष्टीत बडोदे कुठून येते, ते पाहू.

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याकडे एका शिक्षकांचे लक्ष गेले. ते होते कृष्णराव अर्जुन केळूसकर, मूळ वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, विल्सन हायस्कूलमधले शिक्षक, मराठीतले मोठे चरित्रकार. त्यांनी चौकशी केली. मुलाने आपली जात सांगितली. केळूसकरांनी जवळ बसवून घेतले आणि पुस्तके देऊ लागले. पुढे परीक्षा पास झाल्याबद्दल मुलाच्या सत्काराची सभा झाली तेव्हा केळूसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. ही परीक्षा कोणती याबद्दल दोन पाठ आहेत. धनंजय कीर आणि इतर चरित्रकार 1907 ची मॅट्रिक सांगतात, आणि सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते म्हणतात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथीची परीक्षा आणि केळूसकरच अध्यक्ष, असे लिहिले आहे. पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीत असे होते. आमच्या मते चरित्रकारांचा पाठ अधिक संभवनीय आहे. वय काढले तर मुलगा सोळा-सतरा वर्षांचा. त्या आठवणीत आणखी एक गमतीचा भाग आहे. सभेला रामजींची परवानगीच नव्हती. एक परीक्षा पास झाला यात काय मोठे, पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे ते म्हणत. मंडळी केळूसकरांकडे गेली. ते रामजींचे स्नेही. त्यांनी रदबदली केली तेव्हा सभा झाली.

रामायण-महाभारत नको वाटणाऱ्या मुलाला केळूसकरांनी बुद्धचरित्र दिले, म्हणून त्यांना बौद्ध धर्माचा प्रचार करायचा होता असे कोणी समजू नये. ते स्वतः बौद्ध झालेले नव्हते. त्यांनी तुकारामांचे चरित्र लिहिले होते, शिवछत्रपतींचे लिहिले आणि बुद्धाचेही. पुस्तक दिले, आणि निष्कर्ष मुलावर सोडला. ते पुस्तक वाचून मुलगा भारावला. मग त्याने वडिलांना विचारले की तुम्ही आम्हाला बौद्ध वाङ्मय का वाचायला दिले नाही? वर सांगितलेले वडिलांशी झालेले सगळे बोलणे बाबासाहेबांनी याच संदर्भात नोंदवले आहे.

हे पुस्तक 1898 सालचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी केळूसकरांनी ते लिहिले होते, असे बाबासाहेब सांगतात. म्हणजे परळच्या चाळीतल्या त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात जे पडले, त्याचा एक धागा आपल्या गावापर्यंत पोचतो. आणि तो मागे ओढत नेला तर शेवटी आणखी एका अशाच वयाच्या मुलापाशी येऊन थांबतो.

कवळाण्याच्या गोपाळरावांची गोष्ट आपल्या घराघरांत सांगून झालेली आहे, ती पुन्हा सांगत नाही. 27 मे 1875 रोजी बारा वर्षांचा तो शेतकऱ्याचा मुलगा जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला. तोवर शाळेशी त्याचा संबंध जवळजवळ नव्हता. पुढच्या सहा वर्षांत त्याला घडवायचे होते. इंग्रज शिक्षक इलियट आले. आणि दिवाण होते राजा सर टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले, त्रावणकोर आणि इंदूर या दोन संस्थानांचा कारभार पाहून बडोद्याला आलेले. (मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर राहून काय करतो असे विचारणाऱ्यांना आम्ही नेहमी हे नाव ऐकवतो.) 1881 साली, महाराजांना राज्याधिकार मिळण्याच्या आधी, माधवरावांनी त्यांच्यापुढे व्याख्याने दिली. ती 'मायनर हिंट्स' या नावाने छापलेली आहेत. राजाने प्रकृती कशी सांभाळावी, माणसे कशी निवडावी, खुशामत कशी ओळखावी, इथपासून राज्य हे प्रजेच्या सुखासाठी असते या तत्त्वापर्यंत सगळे त्यांत आहे. अठरा वर्षांच्या मुलासाठी एवढी तयारी करून बोलणारा वडीलधारा माणूस विरळाच. दोष काढायचाच तर असा की छापील रूपात तरी ती एकतर्फी वाटतात. शिकवणारा बोलतो आहे, समोरचा ऐकतो आहे. त्या बाबतीत रामजींचे अर्ध्या तासाचे बोलणे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. पण माधवरावांच्या विद्यार्थ्याने पुढे प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि ती जन्मभर सोडली नाही, हेही खरेच.

28 डिसेंबर 1881 रोजी महाराजांच्या हाती कारभार आला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893 मध्ये अमरेलीला सुरू झाला आणि 1906 मध्ये सगळ्या राज्याला लागू झाला. 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. बडोदा कॉलेजात अल्बन विजरी यांच्याकडे धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवण्याचे काम दिले. आपला धर्म दुसऱ्या धर्मांच्या शेजारी ठेवून पाहावा, त्याने तो बाटत नाही, ही महाराजांची वृत्ती होती. त्यांच्या घरी कुलाचार होते, देवघर होते, सण होते. आणि त्यांच्याच आश्रयाखाली बुद्धावर मराठीत पुस्तके निघत होती.

गोमंतकीय वाचकांसाठी याच ओघात एक नाव घेतलेच पाहिजे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म 1876. शाळा बेताची, घरची नारळीची बागायत बघायची, लग्न कोवळ्या वयात झालेले, आणि मन कशातच लागत नाही. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' हे मुलांचे मासिक 1881 पासून निघत असे. त्याचा एक जुना अंक हाती आला, त्यात बुद्धाचे चरित्र होते. मुलांच्या मासिकातली ती काही पाने! त्यांनी हा तरुण पेटला. 1899 अखेर घर सोडून तो पुण्याला डॉ. भांडारकरांकडे गेला, तिथून इंदूर, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. घरी तरुण बायको आणि लहान मुलगी होती, हेही सांगायला हवे. स्वतः कोसंबींनी 'निवेदन' या आत्मचरित्रात ते लपवलेले नाही. पाली भाषेचे पंडित होऊन ते परत आले तेव्हा सयाजीरावांनी त्यांना सुचवले की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहा, बडोदे सरकार महिना पन्नास रुपये देईल, पुस्तके लिहा. कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडून कोसंबी आले. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे त्यांचे पुस्तक बडोद्यातल्या व्याख्यानांतून झालेले आहे. त्या व्याख्यानांना आपले कोणी पणजोबा बसले होते का, हे शोधायला हवे.

इथपर्यंतचे सगळे स्मरणिकेत अभिमानाने छापावे असे आहे. केळूसकरांनीच पुढे भीमरावांना सयाजीराव महाराजांच्या भेटीला नेले, महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, बी. ए. झाले, 1913 साली कोलंबिया विद्यापीठासाठी पुन्हा बडोद्याची शिष्यवृत्ती. याचे फलक आपल्या शहरात आहेत. पण मुलांपुढे ही गोष्ट सांगायची तर ती अर्ध्यावर तोडता येणार नाही. सोळा वर्षांच्या मुलाला खोटेपणाचा वास लगेच येतो.

1917 च्या सप्टेंबरात भीमराव आंबेडकर करारानुसार नोकरी करायला बडोद्यात आले. महाराजांनी ज्याला परदेशी शिकवले, त्याला शहरात राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत सोय नाही. शेवटी पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे त्यांनी विचारून पाहिले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुम्हाला ठेवले तर घरचे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्रानेही सोज्वळपणे टाळले. मुंबईच्या गाडीला वेळ होता. तो वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला. आज तिथे संकल्पभूमी आहे. त्यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात हे सगळे आले आहे.

त्या वर्षी आपली घरे इथेच होती. वाडे होते, माड्या होत्या, वर एखादी रिकामी खोलीही असेल. रात्री पोथी वाचली जात होती आणि भाद्रपदात मुलांसाठी गणपती येत होता. आमच्या पणजोबांपैकी कोणाला त्या दिवशी हा प्रसंग कळला होता का, हे सांगणारे आता कोणी नाही. पण कळला असता तर काय झाले असते, याबद्दल आम्हाला फारशी शंका वाटत नाही, आणि हे लिहिताना बरे वाटत नाही. ही गोष्ट आम्ही आमच्या मुलांना पहिल्यांदा सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "मग संस्कार कुणावर करायला हवे होते?" त्यावर आम्ही कोणीच बोललो नाही.

रामजी सुभेदारांचे पुढे काय झाले? जानेवारी 1913 मध्ये मुलाने बडोद्यात नोकरी धरली, तीही वडिलांच्या मनाविरुद्ध. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. कीर लिहितात की परतीच्या वाटेवर भीमराव सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा रामजींचा जीव डोळ्यांत होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते गेले. 2 फेब्रुवारी 1913.

मुलांना प्रश्न विचारू दिले तर ती धर्म सोडून जातील, ही भीती आमच्या बैठकीत एकाने स्पष्ट बोलून दाखवली. या उदाहरणात तर ती खरीच ठरते. रामजींचे उत्तर कितीही मनापासूनचे असो, मुलगा त्या वाटेने गेला नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पण त्याच वर्षीच्या त्या प्रस्तावनेत वडिलांच्या रात्रीच्या वाचनाबद्दल तो काय म्हणतो हेही पाहावे. आपण बुद्धाकडे गेलो ते रिकाम्या मनाने गेलो नाही, आपल्यापाशी आधीचे काही होते, म्हणून तुलना करता आली, पारखता आले, असा त्याचा आशय आहे. ते 'आधीचे काही' रामजींच्या घरातले होते. ज्याने आक्षेप घेतले त्यालाच ती पर्वे आणि कांडे पाठ होती. आमच्या मंडळातल्या मुलांपैकी किती जण रामावर आक्षेप घेण्याइतके रामायण वाचून आहेत, हा प्रश्न आम्ही त्या बैठकीत विचारला. आक्षेप घेणारा मुलगा मिळाला तर त्याचा सत्कार करा, असे कोणीतरी म्हणाले आणि चहा आला.

या वर्षी मंडळाच्या हॉलमध्ये बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला होता. मुलांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून टाकावा, नाव घालू नये. सतरा चिठ्ठ्या निघाल्या. तीन तर लाऊडस्पीकरबद्दल आहेत. एकात विचारले आहे की आजी पाळीच्या दिवसांत दीदीला आरतीला येऊ देत नाही, हे गणपतीने सांगितले आहे का. एकाला हवे आहे की मी देव मानत नाही पण मोदक खातो, ते चालते का. एका चिठ्ठीत वर्गातल्या मुसलमान मित्राला दर्शनाला आणू का, एवढेच. आणि एका चिठ्ठीत एकवीस आवर्तनांचा तोच जुना प्रश्न, शब्दही जवळजवळ तेच. नाव नाही, पण अक्षर आम्ही ओळखले.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर या चिठ्ठ्या घेऊन बसायचे ठरले आहे. पालकांनी मागच्या खुर्च्यांवर बसावे आणि मध्ये बोलू नये, अशी मुलांची अट आहे. ती मान्य केली आहे. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी 'फार शहाणपणा नको' म्हटले होते, ते गृहस्थ सध्या रोज सकाळी अथर्वशीर्ष आणि त्याचा मराठी अर्थ घेऊन बसतात. तिसऱ्या वाक्यावर अडले आहेत, असे त्यांच्या घरून कळते.